टायमिंग चेन पुन्हा पुन्हा जाते? किट बदलण्याआधी ऑइलचा रस्ता तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे: २०१४ सालची १.३ लिटर डिझेल सेडान, १ लाख ६० हजार किलोमीटर झालेली. १ लाख १० हजारला सकाळी स्टार्ट करताना खडखड यायला लागली म्हणून टायमिंग चेनचं किट बदललं (ही चेन पिस्टनखालच्या क्रँक दांड्यावरून व्हॉल्व्ह उघडणारा कॅम दांडा फिरवते). १ लाख ३८ हजारला सिग्नलला गाडी बंद पडली ती परत सुरूच झाली नाही. चेन उडालेली, रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे छोटे हात) तुटलेले. दुसरं किट पडलं. आता पुन्हा तोच सकाळचा आवाज. मिस्त्रींचं म्हणणं, मागचं किट डुप्लिकेट आलं असणार, या वेळी ओरिजिनल टाकू. ऑइल दर दहा हजारला बदललं जातं. गाडी रोज पुण्यात ऑफिसला, महिन्यातून एखादी सांगलीची फेरी. चेन इतक्या लवकर का जाते, आणि आता काय करायचं?

तिसरं किट आत्ता टाकू नका. आधी इंजिनाचं ऑइल प्रेशर गेज लावून मोजून घ्या आणि चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) उतरवून आतली ऑइल गाळणारी जाळी बघा. पहिली चेन १ लाख १० हजार चालली आणि दुसरी २८ हजारांत गेली, यात फक्त किटचा दोष असता तर मीही किटच बदला म्हटलं असतं. पण आता तिसऱ्या चेनलाही २२ हजारांतच आवाज आला आहे. एका जागी एकच पार्ट वारंवार जातो तेव्हा तो पार्ट बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी चुकीची किंमत मोजत असतो. टायमिंग चेनच्या बाबतीत तो दुसरा म्हणजे दहापैकी आठ-नऊ वेळा ऑइल.

इंजिनाबद्दल दोन शब्द, कारण या इंजिनाला विनाकारण बदनाम केलं जातं. फियाटचं हे १२४८ सीसीचं मल्टिजेट २००३ साली युरोपात आलं, आपल्याकडे २००७ पासून मारुतीच्या स्विफ्टमध्ये आणि मग टाटा, फियाट, शेवरोलेच्या गाड्यांत बसलं. आपल्या रांजणगावलाही ते बनत होतं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ (धुराचा कडक निकष) आलं आणि मारुतीने डिझेल बंद केलं, तोवर रस्त्यावरच्या निम्म्या छोट्या डिझेल गाड्यांच्या बॉनेटखाली हेच होतं असं वाटावं इतकं ते पसरलं. टॅक्सीवाल्यांनी यावर अडीच-तीन लाख किलोमीटर मूळ चेनवर काढलेले मी पाहिले आहेत. म्हणजे चेनची रचना वाईट नाही. पण या इंजिनाच्या चेंबरमध्ये ऑइल मावतं जेमतेम तीन लिटरच्या आसपास. तेवढ्याच ऑइलने टर्बो, सोळा व्हॉल्व्हचं हेड, बेअरिंग आणि चेन सगळं सांभाळायचं. ऑइल कमी असलं की प्रत्येक थेंबावर काम जास्त, आणि निष्काळजीपणा लवकर दिसतो.

आता चेनला ऑइल का लागतं ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

चेन फक्त स्प्रॉकेटवर, म्हणजे दातेरी चाकांवर, पडून राहत नाही. सैल बाजूला एक गाइड (नायलॉनची पट्टी) असते आणि तिला मागून दाबणारा टेन्शनर. या टेन्शनरमध्ये एक प्लंजर (दट्ट्या), एक स्प्रिंग आणि एक छोटा एकदिशा व्हॉल्व्ह असतो. स्प्रिंग फक्त सुरुवातीचा आधार देते. खरा दाब ऑइलचा. इंजिन चालू झालं की पंपाचं ऑइल एका बारीक भोकातून टेन्शनरच्या पोटात जातं, व्हॉल्व्ह ते परत येऊ देत नाही, आणि प्लंजर चेनवर पक्का टेकून राहतो. रात्रभर गाडी उभी असली की हे ऑइल हळूहळू गळून जातं. म्हणून सकाळी एखादा सेकंद आवाज होणं काही टेन्शनरमध्ये चालतं, पण तो दोन-तीन सेकंदांवर गेला, किंवा गरम इंजिनालाही यायला लागला, तर प्लंजरला दाब उशिरा मिळतो आहे किंवा मिळतच नाही. ऑइलमध्ये हवा मिसळली असेल तर दाब मिळूनही उपयोग नाही. इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये पाण्याऐवजी हवा राहिली की दट्ट्या दाबूनही टोकाला जोर येत नाही, तसंच प्लंजरचं होतं. तो दबतो, चेन उसळते, आणि गाइडवर आपटत राहते.

चेनचं दुसरं नातं ऑइलशी तिच्या सांध्यांतून आहे. चेनच्या प्रत्येक कडीत पिन आणि बुश असतात. चेन लांबली असं आपण म्हणतो तेव्हा पट्ट्या ओढल्या गेलेल्या नसतात, पिना आणि बुश झिजलेले असतात. समजा चेनला १२० सांधे आहेत आणि प्रत्येक सांध्यात मिलिमीटरचे फक्त पाच सहस्रांश भाग, म्हणजे ०.००५ मिमी झीज झाली. एका सांध्यात ती हाताला कळणारही नाही, पण १२० सांध्यांत मिळून ०.६ मिमी होते. त्यामुळे कॅम क्रँकच्या मागे राहतो. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आधी सांभाळून घेतो, मग कॅम आणि क्रँकचा मेळ बसत नाही असा पी००१६ सारखा कोड टाकतो, पिकअप कमी होतो, स्टार्टिंगला वेळ लागतो. त्या वेळी लक्ष दिलं नाही तर पुढे चेन स्प्रॉकेटचा एखादा दात ओलांडून सरकते. क्रँकच्या स्प्रॉकेटला २० दात धरले तर एक दात म्हणजे क्रँकचे १८ अंश. एवढं टायमिंग चुकलं की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांच्या वाटेत येऊ शकतात. या १.३ मध्ये टायमिंग उडालं की बऱ्याचदा आधी रॉकर मोडतात आणि व्हॉल्व्ह, पिस्टन वाचतात. तुमच्या गाडीत तेच झालं, आणि म्हणून दुसऱ्या वेळी बिल आटोक्यात राहिलं असणार. तिसऱ्या वेळी नशीब तितकं साथ देईल याची खात्री नाही.

हे सांधे झिजवतं कोण? डिझेल इंजिनात प्रामुख्याने काजळी. ईजीआरमधून जळलेला धूर परत सिलिंडरमध्ये येतो, काजळी वाढते, रिंगच्या बाजूने आणि लायनरवरून ती ऑइलमध्ये उतरते. कण फार बारीक असतात, पण स्टार्टच्या वेळी पिन आणि बुशमध्ये ऑइलचा थर त्याहूनही पातळ असतो. ताज्या ऑइलमधले घटक ही काजळी सुटी सुटी ठेवतात आणि धातूवर झीज थांबवणारा थर धरतात. हे घटक संपत आले की काजळीचे गोळे होतात, थर राहत नाही, आणि प्रत्येक फेरीला पिन बुशला घासते. डिझेल गाडीचं ऑइल बदलल्यावर काही दिवसांतच काळं पडतं, ते खराब झालं म्हणून नव्हे. काजळी पोटात धरून ठेवणं हेच त्याचं काम. म्हणून रंग बघून ऑइल चांगलं की वाईट ठरवू नका. किती किलोमीटर आणि किती तास चाललं ते बघा.

तास हा शब्द मुद्दाम वापरला. तुम्ही दर दहा हजारला ऑइल बदलता हे चांगलंच आहे, पण तुमची गाडी चालते कुठे? पुण्यात ऑफिसच्या वेळेत सरासरी वेग ताशी २० किलोमीटर धरला तर दहा हजार किलोमीटर म्हणजे ५०० तास इंजिन चाललं. तीच गाडी सातारा रोडला सरासरी ६० ने चालली तर दहा हजार किलोमीटर सुमारे १६७ तासांत होतात. ऑइल किलोमीटर मोजत नाही. सिग्नलला एसी लावून उभ्या गाडीच्या आयडलला प्रेशर सगळ्यात कमी, काजळी भरपूर, आणि मीटर जागचा हलत नाही. सर्व्हिस बुकात कठीण वापरासाठी वेगळा, कमी अंतराचा तक्ता असतो. धूळ, ट्रॅफिक, छोट्या फेऱ्या, टॅक्सी हे सगळं त्यात येतं, म्हणजे शहरातली बहुतेक गाडी त्यातच बसते. तो तक्ता सर्व्हिस ॲडव्हायझर सहसा दाखवत नाही. पुण्यासारख्या शहरात मुख्यतः ऑफिसला चालणाऱ्या या इंजिनाला मी पाच ते सात हजारांत, आणि कमी चालली तरी वर्षाच्या आत, ऑइल बदलायला सांगतो. तीन-साडेतीन लिटर चांगलं ऑइल आणि फिल्टर यांचा खर्च एका टायमिंगच्या कामाच्या शेजारी ठेवून बघा.

पण तुमच्या गाडीत मला फक्त दहा हजारांच्या अंतराचा संशय नाही. पहिली चेन त्याच सवयीवर १ लाख १० हजार टिकली. मग १ लाख १० हजारच्या कामात काहीतरी राहिलं, जे दुसऱ्या कामातही राहिलं. ते काय असू शकतं ते सांगतो.

पहिली गोष्ट चेंबरची जाळी. जुनी चेन सैल होऊन गाइडवर आपटत असते तेव्हा गाइडचं नायलॉन तुकड्या-तुकड्यांनी सुटतं. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते आधीच पिवळं-तपकिरी आणि ठिसूळ झालेलं असतं. हे तुकडे कुठे जातात? खाली चेंबरमध्ये. तिथून पंपाच्या तोंडाशी असलेल्या जाळीवर येऊन बसतात. पुढचं कव्हर काढून नवी चेन, नव्या गाइड टाकल्या आणि चेंबर उतरवलाच नाही, तर जुन्या गाइडचे तुकडे नव्या चेनचं ऑइल अडवत बसतात. चेंबर उतरवायला वेळ लागतो, त्याचं वेगळं लेबर लागतं, गिऱ्हाईक घाईत असतं, म्हणून ते काम टळतं.

दुसरी गोष्ट त्याच कामातून जन्म घेते, आणि ती मी फार जवळून पाहिली आहे. दुसऱ्या एका गॅरेजमधून चेन करून आलेली टॅक्सी माझ्याकडे आली, आठ-नऊ महिन्यांत पुन्हा आवाज. चेंबर उतरवला. जाळीवर गाइडचे चार-पाच तपकिरी तुकडे होतेच, पण त्यांच्यात अडकून लाल सिलिकॉनच्या शेवया बसल्या होत्या. चेंबर बसवताना गॅस्केटची पेस्ट जाड थर देऊन लावलेली, बोल्ट आवळल्यावर ती बाहेर जितकी आली तितकीच आतही आली, वाळली आणि तुटून ऑइलमध्ये पडली. जाळी बोटाने चाचपली तर निम्म्याहून जास्त बंद. थंड ऑइल घट्ट असतं तेव्हा या जाळीतून पुरेसं खेचलं जात नाही, सकाळी टेन्शनर उशिरा भरतो. मालक मात्र शपथेवर सांगत होता की ऑइल वेळेवर बदलतो, आणि ते खरंच होतं. जाळी साफ केली, पेस्ट बारीक एकसारखी ओढून सांगितलेल्या वेळेपुरती वाळू दिली, नवं किट टाकलं. गाडी नंतर ऑइल बदलायलाच येत राहिली.

तिसरी गोष्ट टेन्शनर. पैसे वाचवायला फक्त चेन बदलून जुना टेन्शनर, जुने स्प्रॉकेट तसेच ठेवणं अजूनही चालतं. झिजलेल्या दातांवर नवी चेन नीट बसत नाही आणि लवकर झिजते. जुन्या टेन्शनरच्या बारीक भोकात गाळ असेल तर नव्या चेनला पहिल्या दिवसापासून आधार कमी. किट म्हटलं की चेन, टेन्शनर, दोन्ही गाइड, स्प्रॉकेट, पुढचा क्रँक सील आणि एकदाच वापरायचे बोल्ट, एवढं एकत्र बदलायचं. कॅम आणि क्रँक लॉक करायच्या पिना लावूनच टायमिंग बसवायचं. खडूच्या खुणांवर बसवलेलं टायमिंग या इंजिनात मी मान्य करत नाही.

चौथी गोष्ट फिल्टर. या इंजिनाचा फिल्टर अनेक गाड्यांत डब्यात बसणारा कागदी असतो. कागद योग्य मापाचा नसला, किंवा झाकणाची रबरी रिंग नवी टाकली नाही, तर ऑइल कागदाच्या बाजूने गाळल्याविना पुढे जातं. फिल्टर चोंदला तरी आतला बायपास व्हॉल्व्ह उघडतो, कारण इंजिनाला ऑइल न मिळण्यापेक्षा घाण ऑइल मिळणं कमी वाईट. पण मग ती घाण थेट टेन्शनरच्या भोकापर्यंत पोहोचते.

आणि पाचवी, पंप आणि बेअरिंग. पंपाचा प्रेशर व्हॉल्व्ह घाणीने अर्धवट उघडा अडकला असेल, किंवा क्रँकच्या बेअरिंग झिजून ऑइलला मधेच वाट मिळत असेल, तर टेन्शनरपर्यंत दाब उरत नाही. तुमच्या गाडीत चेन उडाली त्या वेळी इंजिनाला झटका बसला होता, म्हणून हे तपासल्याशिवाय सोडू नका.

डॅशबोर्डवरचा ऑइलचा दिवा लागत नाही म्हणून प्रेशर ठीक, असं कुणी सांगितलं तर ते अर्धवट आहे. तो दिवा लावणारा स्विच साधारण अर्ध्या बारच्या आसपास किंवा त्याखाली चालू होतो. म्हणजे दिवा लागतो तेव्हा इंजिन आधीच संकटात असतं, आणि दिवा विझलेला असताना प्रेशर किती आहे हे तो सांगत नाही. स्विच काढून त्याच्या जागी मेकॅनिकल गेज लावायचं, गाडी पंखा दोनदा चालेपर्यंत गरम करायची, आणि मग आयडलला आणि दोन-तीन हजार आरपीएमला वाचायचं. बहुतेक अशा इंजिनांत गरम आयडलला एक बारच्या आसपास आणि रेस केल्यावर तीन-चार बारपर्यंत दाब असावा. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये बघायचा. हे काम अर्ध्या-पाऊण तासाचं आहे. टायमिंग कव्हर उघडण्याआधी ते झालंच पाहिजे, कारण कव्हर उघडल्यावर मोजायला इंजिन चालू करता येत नाही.

त्याच दिवशी जुनं ऑइल पांढऱ्या कापडातून गाळा आणि फिल्टरचा कागद कापून उलगडा. चमकणारे धातूचे कण बेअरिंगचे असू शकतात, तपकिरी प्लॅस्टिक गाइडचं, रबरासारखे लाल-काळे तंतू पेस्टचे. हे तिन्ही वेगळे ओळखता आले की निम्मं निदान तिथेच होतं. ऑइलला डिझेलचा वास येत असेल, किंवा डिपस्टिकवर लेव्हल काही महिन्यांत वाढलेली दिसत असेल, तर डिझेल ऑइलमध्ये उतरतं आहे. ते नोझलचं (डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरचं) काम. पातळ झालेलं ऑइल आयडलला दाब धरत नाही. बीएस-६ डिझेल वापरणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवावं. त्यांच्या डीपीएफची (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची) सफाई गाडी अर्ध्यात बंद केल्याने वारंवार अपुरी राहिली की जास्तीचं डिझेल ऑइलमध्ये जातं आणि लेव्हल वर चढते. वर चढलेली लेव्हल पाहून खूश होणारे लोक मी बघतो, त्यांना थांबवून सांगतो.

लेव्हलबद्दल आणखी थोडं. डिपस्टिकवर खालची खूण आणि वरची खूण यांच्यात बऱ्याच गाड्यांत लिटरच्या आसपास फरक असतो. तीन लिटरच्या इंजिनात खालच्या खुणेला ऑइल असणं म्हणजे तिसरा हिस्सा कमी. घाटात वळणावर ऑइल एका बाजूला सरकतं, जाळी क्षणभर हवा खेचते, आणि टेन्शनरला फेस मिळतो. उलट वरच्या खुणेच्या वर भरलं तरी क्रँक ऑइल घुसळून फेस करतो. तुमच्या सांगलीच्या फेरीआधी आणि नंतर, सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक बघण्याची सवय लावा. दोन सर्व्हिसच्या मध्ये एकदाही बॉनेट न उघडणारा मालक वेळेवर ऑइल बदलत असेल तरीही धोक्यात असतो.

ऑइल कोणतं? मॅन्युअलमध्ये लिहिलेला ग्रेड आणि दर्जा, दोन्ही. ५डब्ल्यू-३० लिहिलं असेल तर दुकानात स्वस्त पडतं म्हणून १५डब्ल्यू-४० नको. आपल्या हवेत सकाळी फार थंडी नसते, त्यामुळे फरक उत्तरेइतका पडत नाही, पण टेन्शनरचं भोक बारीक आहे आणि पहिले काही सेकंद महत्त्वाचे आहेत. ग्रेडइतकाच दर्जाचा शिक्का महत्त्वाचा. पेट्रोल गाड्यांसाठी मे २०२० मध्ये एपीआय एसपी हा दर्जा आला. त्यात टायमिंग चेनची झीज तपासणारी खास इंजिन चाचणी घातली, आणि ती फोर्डच्या २ लिटर इकोबूस्ट इंजिनावर घेतात. ऑइल चेनचं नुकसान करू शकतं हे कंपन्यांनीच अशा रीतीने मान्य केलं आहे. डिझेलला हा दर्जा लागू नाही. तिथे मॅन्युअलमधला एसीईए (युरोपीय दर्जा) किंवा कंपनीचा कोड बघायचा, आणि डीपीएफ असेल तर कमी राखेचं ऑइलच घ्यायचं. नकली ऑइलही बाजारात आहेच. सील बघून घ्या, बिल घ्या, आणि रिकामा कॅन गॅरेजमध्ये तसाच सोडू नका, त्याला भोक पाडा. तो परत भरला जातो.

फ्लश टाकून आतला गाळ काढू, असं कुणी सुचवलं तर तुमच्या गाडीत नको. गाळाने भरलेल्या इंजिनात फ्लश घातला की सुटलेली घाण एकदम जाळीकडे धावते. त्यापेक्षा चेंबर उतरवून हाताने साफ करा, मग योग्य ऑइल भरून पहिलं ऑइल दोन-अडीच हजार किलोमीटरवर काढून टाका. फिल्टर दरवेळी नवा. अशा एक-दोन लवकरच्या बदलांत ताज्या ऑइलमधले घटक बराच गाळ सावकाश धुऊन आणतात.

चेन बसवल्यावरही दोन गोष्टी पाहून घ्या. पहिलं म्हणजे इंजिन हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवून टायमिंग पुन्हा तपासणं. दुसरं म्हणजे पहिल्या स्टार्टआधी इंधन बंद ठेवून ऑइलचा दिवा विझेपर्यंत सेल्फ मारणं, म्हणजे टेन्शनर रिकाम्या पोटी चेनला सामोरा जात नाही. गाडी सुरू झाल्यावर लगेच रेस करायची नाही. आणि चढावर गाडी फक्त गिअरमध्ये अडकवून उभी करायची सवय असेल तर ती सोडा, हँडब्रेक घट्ट लावा. गाडी मागे सरकली तर गिअरमधून इंजिन उलटं फिरतं, चेनची ताणलेली बाजू टेन्शनरवर येते, आणि ऑइल गळून गेलेला टेन्शनर त्या वेळी चेन धरू शकत नाही.

ज्यांची गाडी वेगळी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. जुन्या इनोव्हा डिझेल, इंडिका, डस्टर डिझेल यांना चेन नाही, कोरडा रबरी बेल्ट आहे. तो ठरल्या किलोमीटरला बदलायचाच, आणि कॅम किंवा क्रँक सीलमधून त्यावर ऑइल गळत असेल तर वाट न बघता. ऑइल लागलेला रबर फुगतो आणि दात सोडतो. इकोस्पोर्टच्या १ लिटर इकोबूस्टसारख्या इंजिनात बेल्ट ऑइलमध्येच बुडालेला चालतो. तिथे चुकीचं किंवा जुनं ऑइल बेल्टच भुसभुशीत करतं, आणि त्याचे तुकडे याच जाळीवर जाऊन बसतात. म्हणजे तिथेही प्रश्न शेवटी ऑइल पंपाच्या तोंडाशी येतो. पेट्रोल गाड्यांत कॅमचं टायमिंग पुढे-मागे करणारा फेझर ऑइलच्या दाबावर चालतो. त्यामुळे तिथे घाण ऑइलचा पहिला परिणाम आयडल डगमगण्यात दिसतो, चेनचा आवाज नंतर येतो.

आता तुमच्या गाडीचा क्रम. सकाळचा आवाज दोन-तीन सेकंदांत जात असेल तर गाडी गॅरेजपर्यंत हळू चालवत न्या, गरम झाल्यावरही राहत असेल तर टो करून न्या. गेज लावा. दाब चांगला निघाला, चेंबर उतरवून जाळीही स्वच्छ निघाली, तर मिस्त्रींचं म्हणणं खरं मानायला जागा आहे. मग ओरिजिनल पूर्ण किट टाका आणि बिलावर पार्ट नंबर घ्या. दाब कमी आणि जाळी भरलेली असेल तर साफ करून पुन्हा मोजा. दाब वर आला की किट टाका. जाळी स्वच्छ आणि तरीही गरम आयडलला दाब कमीच, तर पंप आणि त्याचा व्हॉल्व्ह आधी, मग बेअरिंग. बेअरिंग गेलेल्या इंजिनात नवी चेन टाकण्याला अर्थ नाही. तिथे हाफ इंजिनचं (क्रँक, बेअरिंग, पिस्टनच्या खालच्या भागाचं) काम करायचं की गाडी खरी हकीकत सांगून विकायची, हा हिशेब करावा लागेल, आणि १ लाख ६० हजारच्या गाडीला हाफ इंजिन परवडू शकतं.

कामाच्या वेळी मिस्त्रींना सांगून तीन गोष्टींचे फोटो घ्या: जाळीचा, टेन्शनर उतरवण्याआधी त्याचा प्लंजर किती बाहेर आला आहे त्याचा, आणि गाइडच्या घासलेल्या बाजूचा. प्लंजर जवळपास शेवटपर्यंत बाहेर असेल तर चेन खरंच झिजली आहे. तो मधेच असेल आणि गाइड मात्र आपटून खरवडलेली असेल, तर चेन धड आहे, दाब कमी पडतो आहे. हे फोटो आणि गेजचा गरम आयडलचा आकडा पाठवलात की पुढचं नेमकं सांगता येईल.